दाजीपूरच्या पाचोळ्यापासून तळाशीलच्या वाळूपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही. पण जिल्ह्याची पश्चिमेची कड जिथे संपते तिथून घाट उतरला की दुपारच्या जेवणाला खाडीकाठी पोहोचता येतं. इतकं जवळ असूनही आमच्या निसर्ग मंडळातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिला होता तो मालवण-तारकर्लीच्या सहलीत, बोटीत बसून आणि फोटो काढून. जंगल तर त्याहून कमी. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात आठवी ते बारावीच्या मुलामुलींना घेऊन वरचं जंगल आणि खालची खाडी एकाच फेरीत करायचं ठरवलं. अट एकच होती : नुसतं बघायचं नाही, प्रत्येक ठिकाणी हाताने काहीतरी मोजायचं, उकरायचं, चाळायचं, आणि तेही तीच साधनं घेऊन. एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन, तळ काढलेला पत्र्याचा डबा, एक लिटरची बाटली, भिंगं, पांढरे ट्रे आणि वह्या. वरच्या जंगलात जे केलं तेच खाली चिखलात आणि वाळूत करायचं, म्हणजे फरक मुलांना आपोआप दिसेल, हा त्यामागचा विचार.

पहिला दिवस : कोल्हापूर ते दाजीपूर

रंकाळ्यावरून पहाटे गाडी निघाली. रस्त्याकडेला शिवजयंतीचे भगवे झेंडे लागायला सुरुवात झाली होती. भोगावतीच्या काठाकाठाने जाताना उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा, आणि हळदी गावाच्या पुढे एका गुऱ्हाळाचा धूर. थांबलोच. काहिलीतला उकळता रस, वर येणारी मळी, आणि गुळव्याने पळीवर दिलेला गरम काकवीचा थेंब. मुलांच्या बोटांना दिवसभर तोच वास होता.

राधानगरीला धरणापाशी थोडा वेळ. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धरणाचं काम हाती घेतलं. पावसाळ्यात याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूरकरांची नजर पंचगंगेच्या पातळीकडे लागते, ते सगळ्यांना माहीत असतं. आत्ता दरवाजे शांत होते आणि मागे लक्ष्मी तलावाचं पाणी पसरलेलं. एका मुलाला विचारलं, तुझ्या घरच्या नळाला पाणी कुठून येतं? तो म्हणाला, "काळम्मावाडीतनं, थेट पाईपलाईन." बरोबर. आणि काळम्मावाडीचं धरण ज्या नदीवर आहे त्या दूधगंगेला पाणी कुठून येतं? यावर गाडीत एकदम शांतता. उत्तर द्यायचं मुद्दामच टाळलं, कारण ते उत्तर दुपारी पायाखाली मिळणार होतं.

दाजीपूर हे पूर्वी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव जंगल. १९५८ मध्ये इथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढे त्याचा विस्तार होऊन आजचं राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी अशी चार ठिकाणं त्यात गेली. नाक्यावर नोंदणी करून आणि स्थानिक वाटाड्या घेऊन आत शिरलो. वाटाडे काका साठीच्या पुढचे, आयुष्य याच रानात गेलेले. चालताना बोलत नाहीत, थांबल्यावरच बोलतात. मुलांनी अर्ध्या तासात ही सवय उचलली.

उन्हातून सावलीत शिरताच हवा बदलली. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, ऐन, मध्येच गारंबीचा पिळदार वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला. काकांनी एका झाडाचं पान चुरगाळून सगळ्यांच्या नाकाखाली फिरवलं. "वळखा." बिर्याणी, असं एकजण म्हणाला आणि चूक नव्हतं ते, रानदालचिनीचं पान होतं. शेकरूचं घरटं दाखवलं, मग दुसरं, मग तिसरं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. शेकरू स्वतः मात्र दिसलं नाही, फक्त वरून त्याचा खडखडाट ऐकू आला.

मग दोरीचा चौकोन टाकला. पाच-पाचच्या गटाने गुडघ्यावर बसून थर उचलायला सुरुवात. वरचा थर कोरडा, कुरकुरीत. त्याखाली ओलसर, एकमेकांना चिकटलेली पानं. त्याखाली पानांची नुसती जाळी उरलेली, आणि त्या जाळीतून फिरणारे बुरशीचे पांढरे धागे. सगळ्यात तळाला काळी, भुसभुशीत माती, तिचा वास घेतल्यावर पहिल्या पावसाची आठवण यावी अशी. पांढऱ्या ट्रेमध्ये माती पसरली तेव्हा खरी गंमत सुरू झाली. वेटोळं करून बसणारे वाणी किडे, गोगलगायीचे रिकामे शंख, गोम, मुंग्या, एक इवलासा कोळी, आणि भिंगाखाली टुणकन उडी मारणारे शेपटीवाले सूक्ष्म जीव. घरी झुरळ बघून ओरडणारी कागलची एक मुलगी तासभर तिथून हलली नाही. तिने चौकोनातल्या वेगवेगळ्या जिवांची यादी करत करत वहीचं पान भरवलं. नावं माहीत नसतील तिथे तिने चित्रं काढली. मला ती यादी नावांच्या यादीपेक्षा मोलाची वाटली, कारण चित्र काढायला नीट बघावं लागतं.

त्यानंतर डबा. तळ काढलेला डबा पाचोळा बाजूला करून जमिनीत दोन बोटं रोवला, वरून एक लिटर पाणी ओतलं, मोबाइलवर वेळ लावली. मिनिटाच्या आत पाणी गायब. मग गाड्यांच्या चाकांनी टणक झालेल्या वाटेवर तोच डबा, तेवढंच पाणी. दहा मिनिटांनी अजून निम्मं वर उभं, आणि डब्याच्या कडेने झिरपलेलं पाणी लाल गढूळ. काका इतका वेळ लांब उभे होते, ते जवळ आले आणि म्हणाले, "म्हणून नदी उन्हाळ्यात बी वाहती." सकाळच्या प्रश्नाचं उत्तर कुणालाही वेगळं द्यावं लागलं नाही.

वाटेत खडकावर उदमांजराची विष्ठा दिसली, सगळी बियांनी भरलेली. काडीने उकलून बिया वेगळ्या केल्या, मोजल्या, ओळखायचा प्रयत्न केला आणि तिथेच मातीत ढकलल्या. पुढे गव्याच्या शेणावर शेणकिडे कामाला लागलेले. गवा दिसला तो परतताना, उन्हं उतरल्यावर. पाणवठ्याच्या पलीकडे, बरंच लांब, चार-पाच जणांचा कळप. पायांना पांढरे मोजे, काळंभोर अंग, आणि मान वर करून आमच्याकडे रोखलेली स्थिर नजर. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो. २०२१ च्या डिसेंबरात गवे थेट कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले होते, ते मुलांना आठवत होतं. शाळेत त्याची भीतीच जास्त होती. "ते आमच्याकडं का येत्यात?" या प्रश्नावर काकांनी उलट विचारलं, "ऊस कुठपतोर आलाय बघितलंस न्हवं सकाळी?" रानाला अगदी लागून ऊस आणि पाणी असेल तर गव्याने तिथे जाऊ नये असं त्याला कोण सांगणार? मला वाटतं, हा प्रश्न मुलांच्या मनात राहिला तर पुढच्या वेळी गावात गवा आल्यावर ती दगड घेऊन मागे धावणार नाहीत, लांब राहून वनखात्याला कळवतील.

रात्री मुक्कामाच्या जागी, अभयारण्याच्या बाहेर, पांढरी चादर ताणून तिच्यापुढे दिवा लावला. पतंग येत गेले. तपकिरी, हिरवट, एक पंखांवर डोळे असलेला. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, खर्डा आणि जवळच्या धनगरवाड्यावरचं ताक. थंडी चांगलीच. लांब कुठेतरी रातवा ओरडत होता आणि आठनंतर चंद्र वर आल्यावर चादरीवरचे पतंग कमी झाले, हेही मुलांनीच टिपलं.

दाजीपूरला जाणाऱ्यांसाठी थोडं : पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. गट मोठा असेल तर वनखात्याशी आधी बोला, आणि आत काही उकरण्या-मोजण्याचं काम करायचं असेल तर तशी परवानगी घ्या. आम्ही जिथे थर उचलले तिथे ते त्याच क्रमाने परत ठेवले, ट्रेमधले जीव सोडले. फिकट रंगाचे कपडे, पूर्ण बाह्या, स्वेटर. प्लॅस्टिक शक्यतो घरीच ठेवा. मोबाइलला रेंज अगदी कमी, तेव्हा पालकांना तसं आधीच सांगून ठेवा.

दुसरा दिवस : फोंडा घाट उतरून कालावलला

सकाळी जाग आली ती शीळकरी कस्तुराच्या शिट्टीने. माणसानेच निवांत शीळ घालावी असा आवाज, दोन मुलांनी बाहेर जाऊन "कोण शिट्टी मारतंय?" म्हणून शोधही घेतला. उगवाई देवीच्या बाजूला फेरी मारली. राखी धनेशाची जोडी उंबरावर उतरली, पंखांचा आवाज खालपर्यंत आला. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिल्लं होईपर्यंत नर तिला भरवतो, हे काकांनी सांगितल्यावर पुढची दहा मिनिटं सगळ्यांचे डोळे ढोल्या शोधत होते. मोठं जुनं झाड पडलं की धनेशाचं घर जातं, हे वेगळं समजवावं लागलं नाही.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली. इथे पडलेला पाऊस पूर्वेला वाहिला तर भोगावती, पंचगंगा, नृसिंहवाडीला कृष्णा आणि मग पार आंध्रात बंगालच्या उपसागराला. कृष्णेची एकूण लांबी सुमारे १४०० किलोमीटर. पश्चिमेला वाहिला तर गडनदीच्या खोऱ्यातून कणकवलीवरून खाली कालावलच्या खाडीत, आणि एका दिवसात अरबी समुद्रात. मुलांनी नकाशावर बोटाने दोन्ही वाटा काढल्या. आज आम्ही दुसऱ्या वाटेने जाणार होतो.

घाट उतरताना मळमळणाऱ्यांच्या गोळ्या कामी आल्या. फोंड्यात उतरल्यावर स्वेटर पाठीवरच्या पिशवीत गेले. हवा दमट, काजूला मोहर आणि काही झाडांवर पहिली बोंडं. सोलकढीसह जेवण करून कणकवलीमार्गे दुपारी कालावलच्या खाडीकाठी पोहोचलो. ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींनी अंगणातूनच विचारलं, "खयसून इलात? कोल्हापुरासून? मग गूळ खय आसा?" सुदैवाने गुऱ्हाळावरच्या दोन ढेपा गाडीत होत्या. त्या दिल्यावर मावशींचा आणि आमचा परिचय पुरा झाला.

संध्याकाळी मावशींच्या सासऱ्यांनी उद्याचा बेत एका वाक्यात ठरवला : "तिथयेक पावणान गुणलास की भरतीचो टायम गावता." उद्या चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि साधारण सहा तास आधी, नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. चिखलात उतरायचं तर सकाळी आठ ते दहा. मुलांनी लगेच मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. वेळ थोड्या फरकाने जुळली. मग पौर्णिमेची, अष्टमीची, एकादशीची भरती काढायचा खेळ सुरू झाला. आजोबांना पाऊणकी तोंडपाठ, मुलांना पाऊण म्हणजे किती इथपासून सुरुवात. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, हे कोष्टकातून त्यांना आपोआप कळलं. खाडीकाठी जाणाऱ्या कुणीही हा हिशेब शिकून ठेवावा. पंचांग प्रत्येक घरात असतंच. नेमकी वेळ हवी असेल आणि पाण्यात उतरायचं असेल तर मात्र स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकू नये.

तिसरा दिवस : चिखल, कांदळवन आणि रापण

आठ वाजेपर्यंत खाडीतलं पाणी बरंच उतरलं आणि कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, मुळं उघडी पडली. कांदळ कमानीसारख्या आधारमुळांवर उभा. तिवराभोवती चिखलातून सरळ वर आलेल्या श्वसनमुळांचं दाट रान. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. चिप्पीचं झाडही दाखवलं. ही पांढरी चिप्पी म्हणजे २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष. आंबा, शेकरू, हरियाल, ताम्हण हे मुलांना पाठ होतं, यातलं चिप्पी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिवराच्या पानाची खालची बाजू जिभेला लावायला सांगितली. "लई खारट हाय की ओ हे!" पानातल्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात, उन्हात काही पानांवर मिठाचे बारीक कण चमकतात. कांदळ वेगळं करतो, तो मुळातच बरंचसं मीठ आत येऊ देत नाही. आणि त्याच्या लांब, हिरव्या शेंगांसारखी दिसणारी ती शेंग नव्हेच. बी झाडावर असतानाच रुजतं आणि तयार रोपच खाली पडतं. एक पडलेलं रोप एका मुलाने हातात धरून बराच वेळ फिरवलं. "म्हंजे हे झाड पिल्लू घालतंय." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

बूट काढून, जुन्या कॅनव्हासच्या बुटांत किंवा मोज्यांत चिखलात उतरलो. अनवाणी मुळीच नको, कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने पाय कापतात. दोरीचा चौकोन चिखलावर टाकला. पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. सुरुवातीला नुसती बिळं. मग एकेका बिळातून खेकडे वर येऊ लागले, एक नांगी अंगाएवढी मोठी, ती हलवून शेजाऱ्याला इशारे करणारे. निवट्या चिखलावर कल्ल्यांमागच्या परांनी सरकत गेले; हा मासा पाण्याबाहेरही ओल्या त्वचेतून श्वास घेतो. आणि मग ते दिसलं, ज्यासाठी ही सगळी फेरी होती असं मला वाटतं. एका खेकड्याने कांदळाचं गळलेलं पिवळं पान पकडलं, मागे मागे सरकत ते बिळाच्या तोंडापर्यंत नेलं आणि आत ओढून घेतलं. कागलची ती मुलगी कुजबुजली, "ताई, हे दाजीपूरच्या वाण्याचंच काम करतंय." पान तिथेही खालीच जातं, इथेही खालीच. तिथे वाणी आणि बुरशी, इथे खेकडा आणि चिखलातले जिवाणू. त्या कुजलेल्या पानावर बारीक जीव जगतात, त्यावर कोळंबी आणि माशांची पिल्लं. समुद्रात मोठे होणारे कितीतरी मासे लहानपण याच मुळांच्या आडोशाला काढतात.

डब्याचा प्रयोग इथेही केला. नुसत्या चिखलावर पाणी तसंच उभं राहिलं. मग एका मुलाच्या डोक्यात आलं की डबा बिळांवर लावून बघू. पाणी भर्रकन खाली गेलं. खेकड्यांची बिळं चिखलात हवा आणि पाणी खेळवतात. कांदळाच्या मुळांना त्याचा उपयोग होतो. हे आमच्या आखणीत नव्हतं. पोरांनी शोधलं.

खाडीत आत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, गोळा करणाऱ्या बायका होत्या. त्यांच्याबरोबर मुलींनी चिखल चाळला. टोपलीत आलेल्या बारक्या तिसऱ्या एका आजीने उचलून परत टाकल्या : "बारके ठेवा थयच. पुढच्या वर्षी आमकाच होये ते." याच बायकांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. घाटाकडे डोंगर बोडके केले, रस्त्यासाठी माती काढली की पावसात खाडीला गाळ फार येतो आणि तिसऱ्यांच्या जागा बुजतात. दाजीपूरच्या वाटेवर डब्यातून झिरपलेलं ते लाल पाणी मुलांना आठवलं. तेव्हापासून वहीत दोन्ही ठिकाणच्या नोंदी समोरासमोरच्या पानांवर लिहिल्या जाऊ लागल्या.

कांदळ लावण्याचा उत्साह मुलांना असतोच, पण रोपं कुठेही खोचायची नसतात. चिखलाची उंची, भरतीचं पाणी किती वेळ थांबतं, हे जुळलं नाही तर ती मरतात; आणि मोकळ्या चिखलपट्टीवर पक्षी आणि शिंपले जगतात, तिथे झाडं नकोच. जिथे आपोआप रोपं येत आहेत तिथे गुरं आणि कचरा रोखणं हेच जास्त उपयोगाचं. आम्ही म्हणून लागवड केली नाही, मुळांत अडकलेल्या नायलॉनच्या जाळ्या आणि पिशव्या काढल्या. पोती भरली.

दुपारी तळाशीलला गेलो. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी, त्यावर माडात लपलेली घरं. समुद्र किनारा खात चालल्याची चिंता इथे प्रत्येक घरात ऐकू येते. वाळूवर मर्यादावेल पसरलेला, जांभळी फुलं. वाळू धरून ठेवण्याचं काम तोच करतो, म्हणून त्यावरून चालू नका असं तिथल्या मुलांनीच आम्हाला बजावलं. ही स्थानिक मुलं मग आमच्यातलीच झाली.

संध्याकाळी रापण ओढायला मिळाली. होडीने जाळं समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडून यायची आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. आमची मुलंही दोराला लागली. तळहात सोलवटले, पण एकानेही दोर सोडला नाही. जाळ्यात बांगडे, तारली, पेडवे, थोडी कोळंबी, गोळा होऊन फुगलेला एक केंड, जेलीफिश आणि अर्थातच प्लॅस्टिक. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, आम्हालाही टोपलीभर बांगडे मिळाले. म्हाताऱ्या रापणकरांनी सांगितलं, पूर्वी एवढ्या ओढीला किती मिळायचं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आहे, तरी चोरून चालते, असं त्यांचं म्हणणं. जाळ्यात कासव सापडलं तर जाळं कापून ते सोडावं लागतं आणि त्यासाठी २०१८ पासून राज्य सरकार मच्छिमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, ही माहितीही तिथेच मिळाली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, हे ऐकून आमच्यातला एकजण म्हणाला, "मग रान बी तवाच बंद की." पावसाळ्यात रानालाही पाहुणे नकोत आणि समुद्रालाही. त्या एका वाक्यावर रात्री जेवताना बराच वेळ बोलणं झालं.

जेवण म्हणजे बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार, भात, तिसऱ्यांचं सुकं. एका मुलाची संकष्टी होती; मावशींनी त्याच्यासाठी वरीचे तांदूळ आणि उकडलेली रताळी वेगळी ठेवली, आणि चंद्र उगवेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत बसल्या.

चौथा दिवस : वाळूवरची वाट आणि खडकांतली डबकी

जवळच्या एका किनाऱ्यावर कासवमित्र पहाटे फेरी मारतात, त्यांच्याबरोबर चालायची परवानगी आदल्या दिवशीच घेतली होती. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. कुंपणातल्या घरट्यांतून त्या पहाटे एकही पिल्लू वर आलं नाही. पण दोन किलोमीटर चालल्यावर वाळूवर ताजी वाट दिसली : पाण्यातून वर आलेली, आणि थोड्या अंतरावरून परत गेलेली. पट्टीने मोजली, रुंदी ७४ सेंटिमीटर. डाव्या-उजव्या पायांचे ठसे समोरासमोर नव्हते, एकाआड एक होते. रिडले असंच चालते.

कासवमित्रांनी वाळू हलक्या हाताने उकरली. हातभर खोलीवर अंडी. कोल्हे आणि कुत्री ती उकरून खातात, म्हणून ती कुंपणात हलवायची. आणि तेही घातल्यानंतर काही तासांतच, न फिरवता, कारण नंतर हलवली तर आतला जीव दगावतो. मुलांनी हात लावायचा नव्हता, फक्त मोठ्याने मोजायचं. पांढरी, गोल, पिंगपाँगच्या चेंडूएवढी अंडी एकेक करून बाहेर येत होती आणि वीसजणांचा आवाज त्यांच्यामागे. शंभर झाल्यावर आवाज चढला. एकशे बारावर थांबला. साधारण पन्नास ते साठ दिवसांनी पिल्लं येतील. वाळू जास्त तापली तर त्यातल्या माद्या वाढतात, थंड राहिली तर नर. मुलांनी तिथल्या वाळूत खोलवर थर्मामीटर लावून तापमान टिपलं आणि कासवमित्रांच्या वहीत नोंद केली. पिल्लं दिसली नाहीत याची हळहळ कुणीच बोलून दाखवली नाही; घरटं कसं जपतात ते प्रत्यक्ष पाहायला मिळालं होतं.

पर्यटकांना सांगावंसं वाटतं : किनाऱ्यावर रात्री टॉर्च आणि फ्लॅश नको, पिल्लं उजेडाकडे वळतात. पिल्लू हातात घेऊन फोटो तर नकोच, ते कायद्याने संरक्षित आहे.

तिथून मालवण. पावणेदहाची ओहोटी पकडून खडकांतली डबकी पाहिली. समोर सिंधुदुर्ग किल्ला. त्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. इथे दोरीचा चौकोन शेवटचा टाकला. खडकाला चिकटलेली बार्नॅकल्स, टोपीवाल्या गोगलगाई, समुद्रफुलं, शैवालाच्या पट्ट्या, आणि शंखात राहणारे खेकडे. ही मुलं शिंपले वेचायला आसुसलेली होती. एका डबक्यात शंखातला खेकडा मोठ्या रिकाम्या शंखापाशी आला, तो नांगीने चाचपला, आत डोकावला आणि झटक्यात जुना शंख सोडून नव्यात शिरला. त्यानंतर न सांगता खिशांतले शंख परत पाण्यात गेले.

परतीचा प्रवास फोंड्यावरूनच झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रात्री साडेनऊला रंकाळ्यावर.

वह्यांमधल्या नोंदी आता एका मोठ्या तक्त्यावर उतरवल्या आहेत : रान, कांदळवन, वाळू, खडक. पाचवा रकाना मुलांनी स्वतः जोडला, पंचगंगेचा. प्रयाग चिखलीला संगमाजवळ दोरीचा चौकोन आणि डबा घेऊन त्यांनी पहिली नोंद केलीही. दुसरी पहिल्या पावसानंतर होणार आहे.

तळाशीलच्या मुलांनी गवा कधी पाहिलेला नाही, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी घाटही चढलेला नाही. नोव्हेंबरात अभयारण्य उघडलं की ती दाजीपूरला येणार आहेत, वाटाडे काकांशी बोलून झालं आहे. मुक्काम धनगरवाड्याजवळ. किनाऱ्यावरच्या घरांत स्वेटर नसतात, म्हणून आमची मुलं सध्या आपल्या गल्लीत स्वेटर आणि कानटोप्या गोळा करत आहेत.